मोबाइल, कॅमेरा, व्हॉट्सअॅप: एकाच व्हिडिओत चार ठिकाणचे आवाज जोडताना गोंधळ का होतो?

चांदवडचं रेणुकामाता मंदिर मुंबई-आग्रा महामार्गालगत, डोंगराच्या पोटात आहे. अहिल्याबाई होळकरांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते आणि त्या नऊ दिवसांत मंदिराचे असंख्य व्हिडिओ सोशल मीडियावर येतात.

समजा, चांदवडच्या एका तरुणाने या यात्रेवर दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचं ठरवलं. चित्रीकरण मित्राच्या कॅमेऱ्यावर झालं. एका गोंधळी कलाकाराची मुलाखत घेताना आवाज वेगळा, मोबाइलच्या रेकॉर्डरवर घेतला. गोंधळाची एक जुनी सीडी घरात होती, तिच्यावरून केलेली एमपी३ फाइल मिळाली. आणि आजीने म्हटलेली देवीची ओवी वडनेर भैरवच्या आत्याने व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट करून पाठवली.

चारही फाइल्स एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणल्या आणि अडचणी सुरू झाल्या. व्हॉइस नोट उघडेचना. सीडीवरचा गोंधळ घाईघाईत आणि बारीक आवाजात वाजू लागला. मुलाखतीत सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळत होते, शेवटी जुळेनासे झाले. आजीची ओवी कशीबशी उघडली, तर ती फोनवर बोलल्यासारखी बोदी ऐकू आली.

अशा वेळी 'फॉरमॅट जुळत नाही' असं एकच कारण सांगितलं जातं. प्रत्यक्षात ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. कारण न ओळखता फाइल ताणली, आखडली किंवा पुन्हा पुन्हा कन्व्हर्ट केली, तर दुरुस्त होऊ शकणारा आवाजही कायमचा बिघडतो.

फाइल उघडतच नाही, असं का होतं?

फाइलच्या नावाच्या शेवटी असलेलं एमपी३, एम४ए, वेव्ह किंवा ओजीजी हे फक्त लेबल आहे. त्यामागे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे डबा, ज्याला तांत्रिक भाषेत कंटेनर म्हणतात. दुसरी म्हणजे डब्यात आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरला आहे ती पद्धत, म्हणजे कोडेक.

आयफोन आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनचे रेकॉर्डर एम४ए फाइल देतात. तिच्यात बहुतेक वेळा एएसी कोडेकचा आवाज असतो. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट ओजीजी डब्यात, ओपस नावाच्या कोडेकने भरलेली असते. इंटरनेटवरच्या संभाषणासाठी तयार झालेला हा कोडेक २०१२ साली प्रमाणित झाला. वेव्ह हा मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ मध्ये आणलेला डबा असून त्यात सहसा न दाबलेला, जसाच्या तसा आवाज असतो.

एडिटिंग सॉफ्टवेअरला डबा ओळखता येतो, पण आतला कोडेक उलगडता येत नाही, असं होऊ शकतं. मग फाइल उघडत नाही किंवा रिकामा ट्रॅक दिसतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एम४ए फाइल उघडायची असेल तर एफएफएमपेग ही जोडणी वेगळी बसवावी लागते, ती यामुळेच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फाइलचं नाव बदलणं. ओपसच्या जागी एमपी३ लिहिल्याने आतला आवाज एमपी३ होत नाही. फक्त लेबल खोटं होतं आणि पुढे शोध घेणं अवघड जातं. फाइल खरोखर कन्व्हर्ट करावी लागते.

सॅम्पल रेट म्हणजे काय?

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची लाट सलग साठवली जात नाही. दर सेकंदाला ठरावीक वेळा तिचं माप घेतलं जातं आणि तो आकडा लिहून ठेवला जातो. अशा एका मापाला सॅम्पल म्हणतात. सेकंदाला किती मापं घेतली, तो सॅम्पल रेट.

नियम असा की जितक्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज टिपायचा, त्याच्या दुपटीहून जास्त मापं घ्यावी लागतात. निरोगी तरुण कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. म्हणून चांगल्या रेकॉर्डिंगला सेकंदाला ४०,००० हून अधिक सॅम्पल लागतात.

मग सगळ्यांनी एकच आकडा का नाही घेतला? याचं उत्तर इतिहासात आहे. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. अमेरिकी आणि जपानी व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, एका फील्डमध्ये वापरण्याजोग्या २४५ ओळी आणि एका ओळीत ३ सॅम्पल बसत. ६० × २४५ × ३ म्हणजे बरोबर ४४,१००. युरोपातल्या पद्धतीतही हिशेब जुळला: ५० × २९४ × ३, पुन्हा ४४,१००. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या सीडीच्या मानकात हाच आकडा आला. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि सीडीवरून तयार झालेल्या असंख्य एमपी३ फाइल्समध्येही हाच आकडा उतरला.

व्हिडिओच्या जगाने मात्र ४८,००० सॅम्पलचा दर धरला. तो फ्रेमच्या हिशेबात सोपा आहे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एका फ्रेमला बरोबर १,९२० सॅम्पल येतात. आजचे कॅमेरे आणि बहुतेक फोनचे व्हिडिओ ४८ किलोहर्ट्झचा आवाज नोंदवतात.

थोडक्यात, संगीताची फाइल ४४.१ ची आणि व्हिडिओ ४८ चा, हा योगायोग नाही. गाणं आणि व्हिडिओ एकत्र आणले की हे दोन आकडे समोरासमोर येणारच.

गोंधळ घाईघाईत आणि बारीक आवाजात का वाजला?

समजा, फाइलमध्ये सेकंदाला ४४,१०० सॅम्पल आहेत, पण सॉफ्टवेअर ती ४८,००० ची समजून वाजवतं. मग एका सेकंदात तो जास्त सॅम्पल संपवतो. वेग ८.८ टक्के वाढतो. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग ९ मिनिटं ११ सेकंदांत संपतं, म्हणजे जवळपास ४९ सेकंद आधी.

वेगाबरोबर पट्टीही चढते. ही चढ जवळपास दीड सुरांची, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्टीची असते. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं. तिथे पेटीवर पट्टीच नाही. म्हणून असा ट्रॅक दुसऱ्या वाद्याबरोबर लावला की तो फक्त वेगळा नाही, तर बेसूर वाटतो. उलट चूक झाली, म्हणजे ४८ ची फाइल ४४.१ ची समजून वाजवली, तर तेच दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग १० मिनिटं ५३ सेकंदांचं होतं आणि माणूस सुस्तावल्यासारखा, जाड आवाजात बोलतो.

मुलाखतीच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं आहे. गाणं बिघडलं की लगेच कळतं. अनोळखी माणसाचा आवाज थोडा चढला किंवा उतरला, तर प्रेक्षकांना तो तसाच वाटतो. कांद्याच्या भावावर तक्रार मांडणारा शेतकरी घाबरून घाईत बोलतोय असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं, जेव्हा तो प्रत्यक्षात शांतपणे बोलत होता.

सॉफ्टवेअर हे आपोआप सांभाळत नाही का?

बहुतेक वेळा सांभाळतं. पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे आणि ती माहीत नसली की घोटाळा होतो.

ऑडॅसिटीमध्ये एकाच प्रोजेक्टमध्ये वेगवेगळ्या सॅम्पल रेटचे ट्रॅक ठेवता येतात. वाजवताना आणि शेवटी एकत्र करताना ते प्रोजेक्टच्या रेटला बदलून घेतले जातात. रीपरही वाजवतानाच बदल करतं. अॅडोबी ऑडिशनच्या मल्टिट्रॅक सेशनमध्ये मात्र सगळ्या फाइल्स एकाच रेटच्या लागतात. वेगळ्या रेटची फाइल आणली की तिची बदललेली प्रत तयार केली जाते.

ऑडॅसिटीत एक सापळा आहे. ट्रॅकच्या मेन्यूमध्ये 'रेट' असा पर्याय दिसतो. तो ४४,१०० वरून ४८,००० केला की आवाज बदलून मिळेल असं वाटतं. पण तो पर्याय नवे सॅम्पल तयार करत नाही. आहे त्याच सॅम्पलवर दुसरं लेबल लावतो. परिणाम वरच्यासारखाच: वेग वाढतो, पट्टी चढते. खरा बदल 'ट्रॅक्स' मेन्यूतल्या 'रिसॅम्पल' या आदेशाने होतो. तिथे दर १४७ जुन्या सॅम्पलच्या जागी गणिताने १६० नवे सॅम्पल काढले जातात. वेळ तेवढाच राहतो, सूर तोच राहतो. चांगल्या सॉफ्टवेअरने एकदा केलेला असा बदल कानाला कळत नाही.

मात्र याच 'रेट' पर्यायाचा एक योग्य उपयोगही आहे. एखाद्या फाइलवर मुळातच चुकीचं लेबल लागलेलं असेल आणि ती चढ्या आवाजात वाजत असेल, तर 'रेट' योग्य आकड्यावर आणला की ती काही न गमावता पूर्ववत होते.

आवाज आणि ओठ हळूहळू का सुटत जातात?

किती सरकलं, हे मोजलं की कारण जवळपास कळतं. त्यासाठी व्हिडिओच्या सुरुवातीला आणि शेवटी आवाज किती पुढे-मागे आहे ते पाहावं.

पहिला प्रकार: सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच आहे. हा सरकण्याचा प्रश्न नाही, फक्त ट्रॅक चुकीच्या जागी ठेवला आहे. कधी त्याचं कारण अंतर असतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा लाउडस्पीकरपासून ३४ मीटरवर असेल, तर कॅमेऱ्याच्या माइकला आवाज दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हा फरक अडीच फ्रेमचा होतो. ट्रॅक तेवढा सरकवला की काम झालं.

दुसरा प्रकार: दहा मिनिटांत ४९ किंवा ५३ सेकंदांचा फरक पडतो. हा ४४.१ आणि ४८ चा घोटाळा आहे. लेबल तपासावं.

तिसरा प्रकार: दहा मिनिटांत साधारण ०.६ सेकंदाचा फरक पडतो. म्हणजे हजारात एक. इथे संशय व्हिडिओच्या फ्रेम रेटवर घ्यावा. २९.९७ फ्रेमचा व्हिडिओ ३० चा समजला, किंवा २३.९७६ चा २४ चा समजला, की नेमका इतका फरक येतो.

चौथा प्रकार: तासाभरात एखाद-दोन दशांश सेकंदाचा फरक. ही कोणाची चूक नाही. कॅमेरा आणि फोन, दोघांतही वेळ मोजणारा स्फटिक असतो आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. एक उपकरण दहा लाखांत २० ने पुढे आणि दुसरं तेवढंच मागे असेल, तर तासाला ०.१४ सेकंदाचं अंतर पडतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत ते जाणवतही नाही. तीन तासांच्या कीर्तनात मात्र ते ०.४ सेकंदावर जातं आणि स्पष्ट दिसतं. तिथे आवाजाचा ट्रॅक अगदी किंचित ताणावा लागतो, किंवा वाक्यांमधल्या शांत जागी कापून थोडा थोडा सरकवावा लागतो.

पाचवा प्रकार: फरक कधी वाढतो, कधी कमी होतो. यामागे बहुतेक वेळा मोबाइलचा व्हिडिओ असतो. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की अनेक फोन फ्रेमचा वेग बदलतात. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. अनेक एडिटिंग सॉफ्टवेअर व्हिडिओचा वेग एकसारखा आहे असं धरून चालतात आणि मग चित्र आवाजापासून सुटतं. इथे आवाजाला हात लावायचाच नाही. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ 'कॉन्स्टंट फ्रेम रेट'मध्ये बदलून घ्यायचा.

म्हणूनच, आवाज सरकतोय असं दिसल्याबरोबर तो ताणायला घेणं चुकीचं ठरतं. पाच प्रकारांपैकी ताणणं हा उपाय फक्त चौथ्या प्रकाराला लागू पडतो.

व्हॉइस नोटमधला आवाज बोदा का असतो?

व्हॉइस नोट बनतानाच तिच्यातला बराच आवाज टाकून दिलेला असतो. एक मिनिटाचा सीडी दर्जाचा स्टिरिओ आवाज साधारण १० एमबी जागा घेतो. १२८ केबीपीएसची एमपी३ फाइल तोच मिनिट १ एमबीपेक्षा कमी जागेत बसवते, म्हणजे जवळपास अकराव्या हिश्शात. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज कानाला फारसे कळत नाहीत, या गोष्टीचा फायदा घेऊन ही बचत केली जाते. व्हॉइस नोट याहूनही कमी जागेत बसते, कारण ती बोलणं पोहोचवण्यासाठी बनलेली आहे, गाणं जपण्यासाठी नाही.

फोनच्या कॉलचा आवाज तर पारंपरिकपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच असतो. 'स', 'श', 'फ' या वर्णांमधली हवेची सळसळ बरीचशी यावरच्या पट्ट्यात असते. म्हणून फोनवर आडनाव सांगताना 'स, सशातला' असं फोड करून सांगावं लागतं.

ब्लूटूथ इअरबड्स लावून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना असाच अनुभव येतो. इअरबडचा माइक चालू झाला की अनेकदा ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीवर जातं आणि तिथे सॅम्पल रेट ८ किंवा १६ किलोहर्ट्झ एवढाच असतो. महागड्या इअरबडपेक्षा साध्या वायरच्या माइकचा आवाज मोकळा येतो, तो यामुळे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. व्हॉइस नोट वेव्हमध्ये बदलली किंवा १६ वरून ४८ किलोहर्ट्झवर नेली, तर ती एडिटिंगला सोयीची होते. दर्जा वाढत नाही. जे टाकून दिलं ते परत येत नाही. उलट एमपी३चं पुन्हा एमपी३, मग एएसी असं करत गेलं, तर प्रत्येक वेळी आणखी थोडं गळत जातं.

दाबलेल्या फाइलचा आणखी एक छुपा त्रास आहे. एमपी३ आणि एएसी बनताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते. एमपी३मध्ये ती साधारण हजारभर सॅम्पलची, म्हणजे २० ते २५ मिलिसेकंदांची असू शकते. एएसीत ती दुपटीपर्यंत जाते. काही सॉफ्टवेअर ती ओळखून कापतात, काही कापत नाहीत. बोलण्यात हे कळत नाही. पण ढोलकीचा ट्रॅक एमपी३ करून दुसऱ्या गावातल्या गायकाला पाठवला, त्याने त्यावर गाऊन आपली एमपी३ परत पाठवली, की दोन्हीकडचा उशीर जमा होऊन ताल ढिला वाटू लागतो. गायक मात्र तालातच गायलेला असतो.

एकाच कानात आवाज, आणि कमी-जास्त लेव्हल

छोट्या शर्टच्या माइकचा आवाज कधी कधी स्टिरिओ फाइलच्या फक्त डाव्या बाजूला नोंदवला जातो. स्पीकरवर हे लक्षात येत नाही, हेडफोन लावला की एकाच कानात ऐकू येतं. अशा वेळी डावी बाजू वेगळी काढून मोनो ट्रॅक करावा. मोनो ट्रॅक आपोआप दोन्ही कानांत जातो.

बिट डेप्थ हा आणखी एक आकडा. प्रत्येक माप किती बारकाईने लिहिलं, ते तो सांगतो. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटमध्ये १४४. वेगवेगळ्या बिट डेप्थच्या फाइल्स एकत्र वाजवायला बहुतेक सॉफ्टवेअरना अडचण येत नाही. त्यामुळे या आकड्याची फार चिंता करायचं कारण नाही. रेकॉर्डिंग करताना मात्र २४ बिट उपलब्ध असेल तर घ्यावं. आवाज थोडा कमी लेव्हलला घेता येतो आणि संबळ अचानक जोरात वाजली तरी तो फाटत नाही.

मग नेमकं काय करावं?

एडिटिंगला बसण्याआधीची पंधरा मिनिटं पुढचे कित्येक तास वाचवतात. क्रम असा ठेवावा.

१. मूळ फाइल्स वेगळ्या ठेवा. आलेल्या सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवून त्यांची दुसरीकडे प्रत करावी. मूळ फाइलवर थेट काम करू नये.

२. प्रत्येक फाइलची ओळख करून घ्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'टूल्स'मधल्या 'कोडेक इन्फर्मेशन'मध्ये कोडेक, सॅम्पल रेट आणि चॅनल दिसतात. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फ्रेम रेट बदलता आहे की स्थिर, हेही सांगतं. फाइलचं नाव काय म्हणतं यावर विसंबू नये.

३. सगळ्यांसाठी एकच माप ठरवा. व्हिडिओ करायचा असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. फक्त गाणं किंवा सीडी करायची असेल तर ४४.१ चालेल.

४. एकदाच कन्व्हर्ट करा. प्रत्येक फाइल मूळ रूपातून थेट वेव्हमध्ये न्यावी. आधी एमपी३, मग वेव्ह असा वळसा घेऊ नये. नको असलेली पुनरावृत्ती टाळण्यासाठी ऑनलाइन कन्व्हर्टरऐवजी संगणकावरचं सॉफ्टवेअर वापरणं बरं. खासगी मुलाखत अनोळखी संकेतस्थळावर चढवण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

५. लांबी ताडून पाहा. मूळ फाइल आणि कन्व्हर्ट केलेली फाइल यांची लांबी सारखी हवी. दहा मिनिटांची फाइल ९ मिनिटं ११ सेकंदांची झाली असेल, तर तिथेच थांबावं.

६. प्रोजेक्टचा रेट आधी ठरवा, मग फाइल्स आणा. काही सॉफ्टवेअर पहिल्या फाइलवरून रेट ठरवतात. पहिलीच फाइल सीडीवरची असेल, तर सगळा प्रोजेक्ट ४४.१ वर जातो.

७. दाबणं शेवटी, एकदाच. व्हिडिओ पूर्ण झाल्यावरच एएसीत काढावा. यूट्यूब स्वतः अपलोडसाठी एएसी, ४८ किलोहर्ट्झ आणि स्टिरिओला ३८४ केबीपीएस सुचवतं. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सअॅप, सगळेच आपल्या पद्धतीने आवाज पुन्हा दाबतात. म्हणून त्यांच्याकडे जाणारी फाइल आधीच पिळून काढलेली नसावी.

फक्त मोबाइलवर एडिटिंग करणाऱ्यांना यातल्या सगळ्या पायऱ्या जमतीलच असं नाही, कारण मोबाइल अॅप हे आकडे बऱ्याचदा दाखवत नाहीत. तरी दोन गोष्टी हातात असतात. एक, फाइल जोडल्यावर तिची लांबी मूळ फाइलशी ताडून पाहणं. दोन, तयार व्हिडिओ कोणाकडूनही व्हॉट्सअॅपवरून घेऊन पुन्हा एडिटिंगमध्ये न वापरणं.

गावाकडून आवाज मागवायचा असेल तर?

समोरच्याला 'व्हॉइस नोट पाठव' असं सांगण्याऐवजी 'फोनच्या रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड कर आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगावं. फरक मोठा आहे. व्हॉइस नोट व्हॉट्सअॅपच रेकॉर्ड करतं आणि तिथेच दाबतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशी आहे तशी पोहोचते आणि त्यासाठी २ जीबीपर्यंतची मर्यादा आहे. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 'हाय क्वालिटी', 'लॉसलेस' किंवा वेव्ह असा पर्याय असेल तर तो निवडायला सांगावा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा, पंखा बंद करावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी. ती टाळी पुढे व्हिडिओशी आवाज जुळवायला कामी येते.

हे एवढं सगळं एका रीलसाठी?

रील दोन दिवसांत मागे पडते. पण तिच्यासाठी घेतलेला आवाज तसा नसतो.

महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचं काम उभं केलं. हजाराहून जास्त गावांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेकींचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर त्या ओव्या प्रसिद्ध होत आहेत. गाणाऱ्यांपैकी काहीजणी आता नाहीत. घरोघरी गिरणीचं पीठ आलं, जातं थांबलं, आणि त्या ओव्या पुन्हा त्याच आवाजात रेकॉर्ड करण्याची वेळ निघून गेली. आज त्या ऐकता येतात, कारण मूळ ध्वनिमुद्रण कोणीतरी जपून ठेवलं.

चांदवड तालुक्यातल्या एखाद्या घरातली ओवी, गोंधळ्याची संबळ किंवा बाजार समितीतली लिलावाची बोली यांच्यामागे अशी संस्था नसते. तिथे जपणारा म्हणजे ज्याच्या फोनमध्ये फाइल आहे तो. एडिटिंगमधली जवळपास प्रत्येक चूक मूळ फाइल हाती असेल तर दुरुस्त होते. रेट चुकला तर परत लावता येतो, ट्रॅक सरकला तर परत जुळवता येतो. मूळ फाइल पुसून फक्त इन्स्टाग्रामवरची प्रत उरली, तर पुढे काहीच करता येत नाही.

म्हणून फोनची जागा भरली की सगळ्यात आधी पुसायचं ते एडिट केलेले जुने व्हिडिओ. मूळ रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर हलवावं, फाइलच्या नावात तारीख, गाव आणि कोणाचा आवाज आहे ते लिहावं, आणि शक्य असेल तर दुसरी एक प्रत वेगळ्या घरात ठेवावी.